हिंदी प्रणयविनोदी चित्रपटात प्रेम जुळताना दिसत का नाही?

निवांत वाचक

नमस्कार.

गेल्या रविवारी आई, पत्नी, १७ वर्षांची मुलगी आणि मी असे चौघे जण एक नवा हिंदी प्रणयविनोदी चित्रपट पाहायला गेलो होतो. चित्रपटाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण माझा प्रश्न त्या एका चित्रपटापुरता नाही आणि ज्यांना तो आवडला असेल त्यांचा आनंद कमी करण्याचीही माझी इच्छा नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून गेल्या चार वर्षांत आईने चित्रपटगृहाची पायरी चढली नव्हती, आणि या वेळी ट्रेलर पाहून तिनेच हा चित्रपट निवडला होता. "रडारड नको, मारामारी नको, दोन माणसं एकमेकांशी गोड भांडतायत असं काहीतरी बघू या," असे ती म्हणाली होती. त्यामुळे चित्रपट आवडला नाही यापेक्षा तिची इतक्या दिवसांनी घडलेली फेरी वाया गेली, याचे मला अधिक वाईट वाटत आहे.

कथा थोडक्यात सांगतो. घरच्यांनी लग्नासाठी लावलेला तगादा चुकवण्यासाठी एक तरुण आणि एक तरुणी खोटा साखरपुडा करतात. एका नातेवाइकाच्या लग्नाच्या निमित्ताने दोन्ही कुटुंबे राजवाड्यासारख्या हॉटेलात आठवडाभर एकत्र राहतात आणि तेथे या दोघांना एकमेकांविषयी खरोखरच ओढ वाटू लागते. मध्यंतरानंतर नायिका नायकाला त्याच्या पूर्वीच्या मैत्रिणीसोबत पाहते, तिचा गैरसमज होतो, ती कोणालाही न सांगता निघून जाते आणि शेवटी विमानतळावर सगळे सुरळीत होते.

ही कथा ओळखीची आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. खोट्या नात्यातून खरे नाते उमलणे ही कल्पना मला आजही गोड वाटते आणि असे चित्रपट पाहताना योगायोग स्वीकारायला माझी काहीच हरकत नसते. माझी अडचण अशी झाली की त्या दोघांचा प्रेमात पडण्याचा सगळा काळ एका गाण्यात उरकला गेला. त्या गाण्यात ते सायकली चालवतात, एकमेकांना रंग लावतात, पावसात भिजतात, आणि गाणे संपते तेव्हा त्यांचे प्रेम जमलेले असते. ते एकमेकांशी काय बोलले, कोणत्या गोष्टीवरून त्यांचे पटले नाही, त्याच्या कोणत्या सवयीचा तिला आधी राग आला आणि नंतर लळा लागला, हे काहीच आम्हाला कळले नाही. दोघेही नोकरी करणारे आहेत असे सुरुवातीला सांगितले जाते, पण आठवडाभर त्यांना कामासाठी एकही फोन येत नाही. नायिकेला लहानपणापासून कशाची तरी भीती वाटते, असा उल्लेख एकदा येतो आणि तो पुन्हा कधीच येत नाही.

मध्यंतरात आईने मला विचारले, "अरे, या दोघांचं जमलं कधी? माझा डोळा लागला होता का?" तिचा डोळा लागला नव्हता. मी तिच्या शेजारीच बसलो होतो आणि ती नीट पाहत होती. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

सभागृह जवळजवळ भरलेले होते आणि लोक हसण्याच्या तयारीनेच आले होते, तरी मनापासून आलेला हशा मला दोनदाच ऐकू आला. उत्तरार्धात तर आजूबाजूला मोबाइलचे पडदे उजळू लागले. पत्नीचे म्हणणे असे की दोष कलाकारांचा नाही, कारण त्या दोघांनाही तिने इतरत्र उत्तम काम करताना पाहिले आहे आणि येथे त्यांना करण्यासारखे काही दिलेलेच नव्हते. मुलीचे म्हणणे आणखी वेगळे आहे. तिच्या मते तिच्या वयाच्या कोणालाही यातले काहीच खरे वाटणार नाही.

या विषयाचा अभ्यास असलेल्यांना माझे दोन प्रश्न आहेत. प्रेम का जुळले हे दाखवल्याशिवाय प्रणयविनोदी चित्रपट उभा कसा राहील, असे लिहिणाऱ्यांना वाटत नाही का, आणि वाटत असेल तर मग नेमके काय आड येते? दुसरा प्रश्न व्यवहारातला आहे. आईला पुन्हा एकदा घेऊन जायचे आहे, तर असा चित्रपट निवडताना आधी काय पाहावे?

शाईची दौत

आपल्या आईंनी मध्यंतरात विचारलेला प्रश्न पटकथेवर चर्चा करणाऱ्या प्रत्येक बैठकीत विचारला गेला पाहिजे. मी काही वर्षे मालिकांसाठी लेखन केले आहे, त्या अनुभवातून जे समजले ते सांगतो.

प्रणयविनोदी कथेचा शेवट प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांतच ठाऊक असतो. हे दोघे एकत्र येणार हे माहीत असूनही तो दोन तास बसतो, कारण ते अजून एकत्र का येत नाहीत याची त्याला उत्सुकता असते. म्हणजे अशा कथेची सगळी मदार अडथळ्यावर असते. अडथळा खरा असेल तर तो ओलांडताना माणसे उलगडत जातात आणि प्रेम कसे जुळले हे वेगळे सांगावे लागत नाही. अडथळा वरून चिकटवलेला असेल तर लेखकाला प्रेमही वरूनच चिकटवावे लागते, आणि ते काम मग गाण्याकडे सोपवले जाते.

पूर्वीच्या लेखकांना अडथळे आयते मिळत, हेही मान्य केले पाहिजे. राहायला जागा नाही, पगार पुरत नाही, वडिलांसमोर तोंड उघडण्याची सोय नाही, आणि घरात दूरध्वनी हवा असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, अशा काळात एक चिठ्ठी चुकीच्या हाती पडली तरी अर्धा चित्रपट त्यावर उभा राहत असे. १९९५ मध्ये भारतात मोबाइल सेवा सुरू झाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो प्रत्येकाच्या खिशात आला. आता एका फोनने दूर होईल असा गैरसमज तासभर ताणला, तर प्रेक्षकाला नायक-नायिकेची कीव येत नाही, राग येतो.

तरीही गैरसमज हा प्रकारच टाकाऊ आहे, असे मला वाटत नाही. सई परांजपे यांच्या १९८१ च्या 'चष्मे बद्दूर'मध्ये सगळा बिघाड गैरसमजातूनच होतो. पण तो होतो कसा, ते पाहावे. तीन मित्र एका खोलीत राहतात. त्यांपैकी दोघे एका मुलीवर छाप पाडायला जातात, दोघांचाही फजितवाडा होतो आणि खोलीवर परतल्यावर दोघेही आपण कसे यशस्वी झालो याच्या थापा मारतात. पुढे तिसरा, सरळमार्गी मित्र त्याच मुलीच्या प्रेमात पडतो, तेव्हा या थापाच त्याच्या वाटेत उभ्या राहतात. म्हणजे गैरसमजाचे मूळ त्या दोघांच्या बढाईखोरपणात आहे, आणि तो बढाईखोरपणा आपण आधीच हसत हसत पाहिलेला असतो. जो स्वभाव आपल्याला हसवतो तोच पुढे अडचण उभी करतो. शिवाय दारोदारी साबणाची भुकटी विकणारी ती मुलगी आणि दार उघडणारा तो तरुण यांची पहिली भेट सावकाश घडते. ती भुकटीचे प्रात्यक्षिक दाखवते, तो शंका विचारतो, आणि त्या साध्या बोलण्यातून दोघांचे स्वभाव आपल्याला कळतात.

आता आपण पाहिलेल्या चित्रपटाकडे येतो. आपण सांगितलेल्या कथेत एक उत्तम अडथळा मुळातच होता. दोघांनी आपापल्या आई-वडिलांना फसवले आहे. आता खरोखर प्रेम जडले तर ते घरच्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे, आणि समोरचा अजून नाटकच करीत असेल तर त्याला तरी कसे विचारायचे? या एका पेचावर पूर्ण उत्तरार्ध उभा राहिला असता. तो हातातला पेच सोडून लेखकांनी पूर्वीची मैत्रीण बाहेरून आणली, याचे मला खरोखर दुःख वाटते, कारण प्रेक्षकाला जे हवे होते ते त्यांच्या टेबलावरच पडले होते.

निदान म्हणून एक साधा उपाय सुचवतो. घरी सगळे मिळून आठवून पाहा, की नायक आणि नायिका दोघेच आहेत आणि लग्न किंवा साखरपुडा सोडून इतर कशाविषयी तरी बोलत आहेत, असे प्रसंग चित्रपटात किती होते. माझा अनुभव असा आहे की चित्रपट कुठे बिघडला हे या मोजणीतून लगेच हाती लागते.

शेवटची रांग

आपल्या दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. ट्रेलर पाहून असा चित्रपट निवडू नये, या मताला मी अनेक अपेक्षाभंगांनंतर आलो आहे. भीतिपटाचा ट्रेलर निदान वातावरणाची कल्पना देतो, पण विनोदी चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये त्यातले सर्वांत चांगले विनोद आधीच खर्ची पडतात, आणि सभागृहात ते पुन्हा ऐकताना हसू येत नाही. आपण म्हणता तो हशा दोनदाच आला, त्यामागे हेही एक कारण असू शकेल. प्रदर्शनानंतरचा पहिला शनिवार-रविवार जाऊ द्यावा, ज्यांची आवड आपल्यासारखी आहे अशा दोन-तीन माणसांना विचारावे आणि मग सोमवार ते गुरुवारमधला दुपारचा खेळ निवडावा. गर्दी नसते, दरही बहुधा उतरलेला असतो, आणि आईंना जिन्यावर कोणाची घाई सोसावी लागत नाही.

दराचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. २३ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय चित्रपट दिनानिमित्त देशभरातील अनेक मल्टिप्लेक्समध्ये तिकीट ७५ रुपयांना होते, आणि पुढच्या दोन्ही वर्षी अशा दिवशी ते ९९ रुपयांना मिळाले. त्या दिवशी मी जो चित्रपट पाहिला तो मध्यम दर्जाचा होता, तरी मी समाधानाने घरी आलो. चौघांच्या तिकिटांना आणि खाण्याला मिळून दोन हजार रुपये मोजल्यावर तोच चित्रपट मला असह्य झाला असता. हलकाफुलका चित्रपट हलक्या मनाने पाहायचा असतो, आणि इतके पैसे मोजल्यावर मन हलके राहत नाही.

अबोली

माझे वय २४ आहे आणि आपल्या मुलीचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. तरीही ही चर्चा 'पूर्वीचे सगळे चांगले, आताचे सगळे वाईट' या वाटेने जाऊ नये, म्हणून लिहिते आहे.

माझ्या बाबांनी मला अगदी कौतुकाने बासू चटर्जी यांचा १९७६ चा 'छोटी सी बात' दाखवला. बसथांब्यावर रोज दिसणारी मुलगी, तिच्याशी बोलण्याचे धाडस नसलेला बुजरा कारकून, स्कूटरवरून येऊन तिला घेऊन जाणारा तिचा चलाख सहकारी आणि हिंमत कशी धरावी हे शिकवणारे खंडाळ्याचे कर्नल, हे सगळे मला मनापासून आवडले. नायक-नायिका कार्यालयात जातात, जेवणाच्या सुट्टीत भेटतात, बसची वाट पाहतात; ती खरी माणसे वाटतात. पण नायक त्या मुलीच्या मागे मागे तिच्या कार्यालयापर्यंत जातो, तेव्हा मला हसू आले नाही. मी स्वतः रोज बसने कामाला जाते. कोणी रोज माझ्या मागे येत आहे असे लक्षात आले, तर त्याच्या मनात कितीही निर्मळ भाव असला तरी तो मला दिसणार नाही. मला भीतीच वाटेल. त्या चित्रपटाचे मोठेपण मी नाकारत नाही, पण आजच्या लेखकाला तो जसाच्या तसा उचलता येणार नाही, आणि तसे करावे असे कोणी सुचवूही नये.

अलीकडच्या काळातही हे ज्यांना साधले आहे, त्यांच्याकडे पाहावे असे मला वाटते. २०१० च्या 'बँड बाजा बारात'मध्ये दिल्लीतले दोघे तरुण मिळून लग्नसमारंभांचे आयोजन करण्याचा व्यवसाय उभा करतात. धंद्यात प्रेम आणायचे नाही असा नायिकेचा नियम असतो, आणि तो मोडल्यावर प्रेमाबरोबर भागीदारीही तुटते. त्या चित्रपटातही लग्ने आहेत, सजावट आहे, नाच आहे, पण ते सगळे त्या दोघांचे काम आहे. मांडव कसा घालायचा, गिऱ्हाइकाला दर कसा सांगायचा, ऐनवेळी काय निस्तरायचे, हे करताना ते एकमेकांना ओळखू लागतात. आपण पाहिलेल्या चित्रपटात मात्र लग्न ही केवळ पार्श्वभूमी होती आणि ते दोघे तिथे पाहुणे होते. पाहुण्यांना काही करायचे नसते, त्यामुळे ते कसे आहेत हे कळण्याची संधीच येत नाही.

२००७ च्या 'जब वी मेट'मध्ये रतलाम स्थानकावर नायिकेची गाडी सुटते आणि पुढे कितीतरी वेळ ते दोघे केवळ प्रवास करतात व बोलतात. मोबाइल तेव्हाही होते. म्हणून सगळा दोष मोबाइलवर टाकणे मला पटत नाही; दोन माणसांना बराच वेळ बोलू देण्याचा धीर आता राहिलेला नाही, असे मला वाटते.

माझ्या वयाचे लोक हा धीर आता वेबमालिकांत शोधतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'लिटिल थिंग्ज'मध्ये मिथिला पालकर आणि ध्रुव सेहगल यांनी मुंबईत एकत्र राहणाऱ्या जोडप्याची भूमिका केली. त्यात एखादा पूर्ण भाग सुट्टीच्या दिवशी काय करायचे, एवढ्याच विषयावर चालू शकतो आणि तरीही तो कंटाळवाणा होत नाही. घरबसल्या हे मिळत असताना चित्रपटगृहात जायचे, तर त्याहून कमी मिळून कसे चालेल?

निवांत वाचक

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. अबोली, आपले पाहुण्यांविषयीचे वाक्य मी घरी वाचून दाखवले आणि पत्नी म्हणाली की तिला नेमके हेच सांगायचे होते. 'छोटी सी बात'विषयी आपण जे लिहिले आहे त्यावर मी दोन दिवस विचार करीत आहे. तो चित्रपट मला अत्यंत प्रिय आहे आणि त्यातला तो पाठलाग मला आजवर कधीच खटकला नव्हता, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. माझी मुलगीही बसनेच महाविद्यालयात जाते.

'शाईची दौत' यांनी सुचवलेली मोजणी आम्ही या शनिवारी रात्री जेवताना करणार आहोत. तोपर्यंत आणखी कोणाला काही सुचवायचे असल्यास अवश्य लिहावे.

दुभाषी

मी व्यवसायाने अनुवादक आहे, त्यामुळे माझे लक्ष भाषेकडे जाते. या चर्चेत आतापर्यंत संवादांविषयी फारसे कोणी बोललेले नाही, आणि प्रणयविनोदी चित्रपटात तर संवादांइतके महत्त्वाचे दुसरे काही नसते.

हिंदी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगवेगळी श्रेये असतात, हे आपण पाहिले असेल. पटकथा अनेकदा इंग्रजीत लिहिली जाते, त्यावर नंतर दुसरा लेखक हिंदी संवाद चढवतो आणि कलाकारांपैकी कित्येकांच्या हातात ते संवाद रोमन लिपीत पडतात. मारामारीच्या किंवा गुन्हेगारीच्या चित्रपटात ही पद्धत खपून जाते, कारण तिथे प्रसंग आपल्या जोरावर चालतो. दोन माणसे एकमेकांना चिडवत, टोमणे मारत, शब्द फिरवत जवळ येत असतील, तर मात्र त्यांचे बोलणे ज्या भाषेत सुचले त्याच भाषेत ऐकू यावे लागते. चिडवणे अनुवादात टिकत नाही, हे मी रोजच्या कामातून सांगतो. वाक्याचा अर्थ पोहोचतो, पण त्यातला लाड आणि खोच वाटेत गळून पडते.

वर उल्लेख आलेल्या 'छोटी सी बात'चे संवाद शरद जोशी यांचे होते. हे आपल्या शेतकरी संघटनेचे नेते नव्हेत, तर हिंदीतले नामवंत व्यंगलेखक. १९८४ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या 'ये जो है जिंदगी' या मालिकेचे लेखनही त्यांनीच केले होते. आयुष्यभर मध्यमवर्गीय माणसाचे बोलणे कान देऊन ऐकलेल्या लेखकाने ते संवाद लिहिले, म्हणून त्या चित्रपटातली कार्यालये आणि उपाहारगृहे खरी वाटतात. अबोली यांचा पाठलागाविषयीचा आक्षेप मला मान्य आहे, आणि तरीही त्या चित्रपटातले बोलणे आजच्या लेखकांनी वारंवार ऐकावे, असे मला वाटते.

मराठी वाचकांसाठी आणखी एक उदाहरण देतो. सई परांजपे यांचा १९८३ चा 'कथा' हा चित्रपट शं. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावर आधारलेला आहे. चाळीत राहणारा भिडस्त कारकून, गोड बोलून सगळ्यांना गुंडाळणारा त्याचा मित्र आणि शेजारची मुलगी, एवढीच मुख्य पात्रे. तो भिडस्त माणूस मनातले बोलूच शकत नाही आणि दुसऱ्याचे बोलणे थांबतच नाही. भिडेपोटी गप्प राहणे हाच तिथे अडथळा आहे, आणि तो आपल्या घराघरांत आजही आहे. मोबाइलमुळे निरोप पाठवणे सोपे झाले, मनातले सांगणे काही सोपे झाले नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर माझे उत्तर असे, की पोस्टरवरच्या चेहऱ्यांऐवजी संवादलेखकाचे नाव पाहावे आणि त्याने आधी काय लिहिले आहे ते शोधावे. जाहिरातीत ते नाव बारीक अक्षरांत असते, पण असते.

शाईची दौत

अबोली यांचा धिराविषयीचा मुद्दा मी मान्य करतो. मोबाइलवर मी गरजेपेक्षा जास्त भार टाकला. त्यात फक्त एका गोष्टीची भर घालतो. आपल्याकडे चित्रपटाला मध्यंतर असते आणि ते कुठे तरी धक्क्यावर आणून सोडावे लागते. त्यामुळे पूर्वार्धात हसवायचे, मध्यंतरापाशी गाठ मारायची आणि उत्तरार्धात रडवायचे, असा साचा तयार झाला आहे. प्रेम जुळण्याचा सगळा भाग पूर्वार्धाच्या सव्वा तासात बसवायचा, त्यातच दोन्हीकडची कुटुंबे, मित्र आणि तीन गाणी बसवायची, असे ठरले की दोघांच्या बोलण्यावरच पहिली कात्री चालते. लेखनाच्या बैठकीत मी हे अनेकदा अनुभवले आहे. 'हा प्रसंग छान आहे, पण यात काही घडत नाही,' असे म्हणून ज्या प्रसंगांवर काट मारली जाते, त्यांतच प्रेम घडत असते.

निवांत वाचक

ठरल्याप्रमाणे शनिवारी आम्ही मोजणी केली. मुलीने वही घेतली होती. सुरुवातीला सगळ्यांना वाटले की असे सात-आठ प्रसंग तरी निघतील, पण एकेक आठवून पाहिला की त्यात कोणीतरी तिसरे माणूस असायचे, किंवा बोलणे लग्नाचेच असायचे, किंवा गाणे सुरू व्हायचे. शेवटी दोनच उरले.

पहिल्या प्रसंगात दोघे रात्री हॉटेलच्या स्वयंपाकघरात खायला काही मिळते का हे शोधत असतात. दुसरा जिन्यावरचा आहे. संगीताचा कार्यक्रम संपल्यावर नायिका उंच टाचांच्या चपला काढून पायरीवर बसते, नायक शेजारी येऊन बसतो, आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी आपण चुकीच्या मजल्यावर जाऊन दुसऱ्याच कंपनीच्या बैठकीत अर्धा तास कसे बसून राहिलो, हे ती त्याला सांगते. मग मुलीच्या लक्षात आले की मी माझ्या प्रश्नात म्हटले होते तो मनापासूनचा हशा दोनदा आला, तो याच दोन ठिकाणी आला होता. जिन्यावरचा प्रसंग ट्रेलरमध्ये नव्हता, हेही तिने तपासून पाहिले.

आईला त्या चित्रपटातले एकही गाणे आठवत नाही आणि नायकाचे नाव काय होते हेही तिला सांगता आले नाही. जिन्यावरचा तो प्रसंग मात्र तिने आम्हाला जवळजवळ शब्दशः म्हणून दाखवला, नायिका मध्येच थांबून हसू आवरते त्या जागेसकट.